येनटोल्याची पाळणूक

“शेवटचं काय खाल्लं?” भिवराबाईंनी काठावरून विचारलं.

मी ओढ्यात गुडघाभर पाण्यात, अंगावरच्या कपड्यांनिशी तीन बुचकळ्या मारून उभी होते. केसांतून पाणी गळत होतं आणि चष्मा काठावर राहिला होता, त्यामुळे भिवराबाई म्हणजे मला नुसती एक उंच, हिरव्या लुगड्यातली धूसर बाई दिसत होती.

“पोहे,” मी म्हटलं.

“त्याच्या आंधी?”

“वरणभात.”

“मासोळी?”

“नाही.”

“मटन, कोंबडं?”

“नाही.”

“बरं. या मंग वर.”

अंड्याचं त्यांनी विचारलंच नाही. पोहेही अगदीच खोटे नव्हते, फक्त ते आदल्या दिवशीचे होते. त्या सकाळी साकोलीच्या स्टँडवर मी सहा उकडलेली अंडी घेतली होती. दोन तिथंच मीठ लावून संपवली होती आणि उरलेली चार काठावरच्या पिशवीत, माझ्या वहीखाली सुखरूप होती. आता ती बाहेर काढून ओढ्यात सोडून द्यावीत एवढी अक्कल मला सुचायला हवी होती. पण मी सोळा तासांचा प्रवास करून आले होते, भूक मला कधीच सोसत नाही, आणि माणूस उपाशीपोटी जेवढा लबाड होतो तेवढा भरल्या पोटी होत नाही.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या ऑगस्टमधली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत किड्यांच्या अंड्यांच्या कवचावर पीएचडी करत होते. रोहिणी, करतेस काय नक्की, असं कोणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की बहुतेक लोक पावसापाण्याच्या गप्पा काढत. आमची आई तर नातेवाइकांना ‘रेशमावर काहीतरी’ एवढंच सांगायची. आमच्या अभ्यंकरांच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात उच्चारला जाई. मी अंडी खायला शिकले ती वसतिगृहात, आणि सुट्टीत घरी आल्यावर टरफलं लपवण्यात तरबेज झाले तीही तेव्हाच.

येनटोल्याला मी गेले होते पन्नास कोशांसाठी. टसर रेशमाचे कोसे, पन्नासच्या पन्नास मादीचे. भंडारा जिल्ह्यातल्या त्या जंगलात वलथऱ्यांचं कुटुंब येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर टसरच्या अळ्या पोसत असे. बाकी सगळीकडे सरकारी केंद्रातून बियाणं येत होतं आणि जाती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. या एका घरानं मात्र आपलं बियाणं आपणच राखलं होतं, कोणालाही आठवत नाही इतक्या पिढ्यांपासून. आमच्या मार्गदर्शक रेगेबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. “ते कोसे आण, नाहीतर शेवटचं प्रकरण विसर.” त्यातही मेख अशी, की पावसाळ्याच्या या पहिल्या पिकाच्या कोशांतूनच महिन्याभरात पतंग निघतात. पुढच्या पिकाचे कोसे थेट पुढच्या जूनपर्यंत झोपून राहतात. मला हवं होतं ते मादीच्या पोटात, पतंग बाहेर पडायच्या आधीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत घडतं. रेगेबाई डिसेंबरात निवृत्त होणार होत्या आणि माझी शिष्यवृत्तीही त्यांच्याबरोबरच संपणार होती. म्हणजे हे पीक हुकलं की चार वर्षांचं काम पाण्यात.

घरच्या कारभारीण भिवराबाईंनी माझ्या पत्राला उत्तर म्हणून एकच अट कळवली होती. कोसे निघेपर्यंत बाईनं इथं राहावं, पाखरं हाकावीत आणि पाळणूक पाळावी. मग पाहू.

पाळणूक म्हणजे काय ते मला ओढ्यातून वर आल्यावर कळलं. अळ्या झाडांवर चढल्यापासून कोसे उतरेपर्यंत राखणीच्या माणसांनी मांस-मासळी खायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, पुरुषांनी दाढी करायची नाही, आणि बाहेरून कोणीही आलं तरी आधी ओढ्यात बुडायचं. ही माणसं ढिवर. तलावातली मासोळी म्हणजे त्यांचा जन्माचा धंदा आणि जन्माची चव. आमच्याकडे चातुर्मासात कांदा सोडून जे फुशारकी मारतात त्यांना इथं आणून बसवायला हवं होतं.

राखणीला चौघं होती. भिवराबाई सगळ्यांच्या वर. त्यांचे धाकटे दीर डोमाजी, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेले, दिवसभर कमरेच्या चंचीतून चिमूट चिमूट काढून तोंडात टाकणारे. मुलगा रूपचंद, गोफणीचा नेम अचूक आणि बोलणं कमी. आणि त्याची बायको भागरता. घरातला सगळ्यात मोठा मान या भागरताकडे होता. पिकातून बियाण्याचे कोसे निवडायचे ते तिनं. कोसा तळहातावर घ्यायचा, जरासा वर उडवायचा, झेलायचा, आणि नर की मादी ते सांगायचं. ही विद्या तिच्या माहेरची. सहा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हापासून या घरचं बियाणं तिच्याच हातून जात होतं. म्हणजे माझे पन्नास कोसेसुद्धा तिच्याच हातून यायचे होते.

चार अंड्यांपैकी दोन मी दुसऱ्या दिवशी झोपडीमागं खाल्ली आणि दोन तिसऱ्या दिवशी सकाळी. टरफलं रुमालात बारीक चुरून गाठ मारली. पुरायला म्हणून निघाले तर समोर भिवराबाई.

“हे काय?”

“नमुना,” मी म्हटलं.

“कायचा?”

“कवचाचा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मला वाटतं मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात अट्टल खोटं तेच. भिवराबाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. पुण्याहून पोरगी कवचासाठी एवढ्या लांब आली आणि तिचं कवच असं रुमालात मातीत पडतं, हे त्यांना बघवेना. “मुंग्या लागतीन न जी,” म्हणून त्यांनी ती गाठ न सोडता माझ्या हातातून घेतली, लाल फडक्यात बांधली आणि पहिल्या येनाच्या बुंध्याशी जिथं त्यांचा शेंदरी देव होता, त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर फडक्यावर कुंकू. डोमाजी येता-जाता हात जोडत होते. तिसऱ्या दिवशी भिवराबाई माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या म्हणून मीसुद्धा जोडले.

एरवी ते दिवस फार मजेचे होते. अळ्या कोसा बांधण्याआधीच्या शेवटच्या वयात होत्या, बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, आणि शंभर झाडांवर त्या एकदम पानं खायला लागल्या की भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. मी गोफण शिकत होते. पहिल्या दिवशी माझा दगड मागं गेला आणि डोमाजींच्या लोट्याला लागला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात गोफण दिसली की सगळी पुरुषमंडळी आडोसा बघू लागली. कोतवाल पक्षी मात्र बिनधास्त बसून असायचे, त्यांना माझा अंदाज आला होता.

सहाव्या दिवशी सकाळी रूपचंद झाडाखाली उभा राहून नुसता वर बघत राहिला. मी गेले. फांदीला सात-आठ अळ्या उलट्या लोंबत होत्या, डोकं खाली, अंग मऊ पडलेलं. शेजारच्या झाडावर आणखी पाच.

हा रोग मला पुस्तकातून चांगला ठाऊक होता. विषाणूचा असतो, दमट हवेत पसरतो आणि वेळीच आवरला नाही तर आठवड्यात झाडंच्या झाडं साफ करतो. त्या दिवशी आम्ही पाचही जण जेवलो नाही. रोगट फांद्या छाटल्या, खड्ड्यात चुना घालून पुरल्या, कोयत्यांना चुना लावला, हात धुऊन धुऊन सोलपटले. दोन झाडं पार गेली. संध्याकाळच्या आत बाकीची झाडं तरी स्वच्छ दिसू लागली. मी भिवराबाईंना समजावून सांगितलं, की हा हवेतल्या ओलीनं फोफावणारा रोग आहे, माणसाच्या खाण्यापिण्याशी त्याचा काही संबंध नाही.

त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. “रोग हाय ते मले बी दिसते, बाई,” त्या म्हणाल्या. “पन रोगाले दार कोणं उघडलं?”

आणि त्यांनी भागरताकडे पाहिलं.

भागरता चार दिवसांपूर्वी राखीसाठी एक रात्र माहेरी जाऊन आली होती. माहेर तलावाकाठचं. श्रावणातली पुनव, भावाचं घर, आणि तलावाकाठी सणाला काय शिजतं ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. कोणी तिला सरळ काही विचारलं नाही, पण रूपचंद पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला आणि डोमाजींनी चंचीतली चिमूट तोंडात टाकता टाकता थांबवली.

“उद्या जेवायच्या आंधी सगळ्यायनं पान उचलाचं,” भिवराबाई म्हणाल्या. “ज्यानं मोडलं त्यानं राखण सोडून घरी जावं. आन् त्याच्या हातून बियाणं जानार नाई.”

पान उचलणं म्हणजे देवासमोर येनाचं पान तळहातावर घेऊन ‘मी पाळणूक पाळली’ असं म्हणणं. त्या पानावर खोटं बोलायची या घरात कोणाची छाती नव्हती. निदान मला तरी तसं सांगितलं गेलं.

माझी ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी उठले तेव्हा हिशेब अगदी सोपा झाला होता. खरं बोलले तर मी घरी, कोसे इथं, प्रकरण गेलं. गप्प बसले तर भागरतानं पाळलं असो की नसो, संशय तिच्यावरच राहणार, आणि माझं टरफल देवाशेजारी कुंकू लावून घेणार. मला शास्त्र ठाऊक होतं, विषाणू काही अंडी मोजत नाही. पण ज्या बाईच्या हाताचा मान जाणार होता तिला माझ्या शास्त्राचा काय उपयोग.

दुपारी सगळे येनाखाली जमले. लहानानं आधी पान उचलायचं अशी रीत, म्हणजे आधी भागरता. ती पुढे झाली नाही. “सगळे उचलतीन तवा मी उचलीन,” तिनं जमिनीकडे बघत म्हटलं. भिवराबाईंच्या कपाळावर आठी पडली.

मी पुढे गेले आणि पान उचललं.

“मी अंडी खाल्ली,” मी म्हटलं.

झाडावर अळ्यांचं खाणं तेवढं ऐकू येत होतं.

“किती?” भिवराबाईंनी विचारलं.

“सहा. दोन येताना आणि चार इथं. झोपडीमागं.”

“आन् टरफलं?”

मी देवाकडे बोट दाखवलं.

भिवराबाईंनी वळून त्या लाल फडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फडक्याकडे. चार दिवस त्यांनी रोज सकाळी आंघोळ करून ओल्या हातानं त्याला कुंकू लावलं होतं. तेवढ्यात बाजूनं एक विचित्र आवाज आला. डोमाजी पोट धरून खाली बसले होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

“मी त नारळ बी फोडनार होतो त्याच्यापुढं,” ते कसेबसे म्हणाले.

“भाऊजी,” भिवराबाई कडाडल्या, “हासता कायले? उचला पान.”

डोमाजींनी पान उचललं, ते त्यांच्या हातात राहीना. त्यांनी ते खाली ठेवलं, कमरेची चंची सोडली आणि देवासमोर उलटी केली. तंबाखू नव्हतीच. सुके झिंगे होते, मीठ लावलेले, बारीक. सहा दिवस मी त्या माणसाचं व्यसन बघून हळहळत होते, आणि हा गृहस्थ सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत झिंगे चघळत होता.

“रोजच्या रोज?” भिवराबाईंनी विचारलं.

“जेवल्यावर नाई खाल्लो,” डोमाजी म्हणाले. “फक्त मधामधात.”

आता सगळ्यांनी रूपचंदकडे पाहिलं. तो बिचारा पान न उचलताच बोलून गेला. “साकोलीले मिठाले गेलो होतो. स्टँडवर आमलेट खाल्लो.”

“कोणत्या गाडीवर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तो मिशीवाला नाई का, पिंपळाखाली.”

“मीसुद्धा त्याच्याकडूनच घेतली.”

“त्याचं मीठ-मिरची चांगली राह्यते,” रूपचंद मनापासून म्हणाला, आणि मग त्याला आपण कुठं उभे आहोत ते आठवलं.

डोमाजी एव्हाना मातीत आडवे झाले होते. मलाही सुटलं. असं हसू शाळेत प्रार्थनेच्या वेळी येतं, जितकं दाबावं तितकं वर उसळतं. मी झाडाला धरून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि हसता हसता आम्हां तिघांच्या एकदमच लक्षात आलं, की भिवराबाई ओरडत नाहीत. त्या गप्प उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“वयनी,” डोमाजी कोपरावर उठून म्हणाले, “तुमी उचला पान.”

भिवराबाईंनी बोटाचा पदर सोडला.

“मी खाल्लं नाई,” त्या म्हणाल्या. “वास घेतला.”

“कायचा?”

“घरी आढ्याले खाऱ्या मासोळीचं मडकं टांगून हाय. पानी आनाले जातो तवा झाकन काढतो. वास घेतो. झाकन लावतो.” मग जरा चढ्या आवाजात, “वास घेतला त मोडते का?”

“रोज घेता?”

“रोज.”

“किती येळ?”

भिवराबाईंच्या नाकपुड्या नकळत फुलल्या, त्या मासोळीची नुसती आठवण आली म्हणून, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. आधी त्यांचे खांदे हलले. मग ती एवढी उंच, करारी बाई देवासमोर मटकन बसली आणि लुगड्यात तोंड खुपसून इतकी हसली, इतकी हसली, की वरच्या फांदीवरचा कोतवाल घाबरून उडाला. सहा दिवसांत माझ्या दगडानं जे जमलं नव्हतं ते भिवराबाईंच्या हसण्यानं झालं.

हसली नाही ती एकटी भागरता.

आमचं हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग पुढे आली, वाकून पान घेतलं आणि तळहातावर ठेवलं.

“मी पाळणूक पाळली,” ती म्हणाली. “राखीले मायनं मरळ मासोळी केली होती. भावानं ताट पुढं केलं. मी मिठासंग भात खाल्ली. भाऊ म्हणे, तुले आमच्या घरचं गोड लागत नाई आता. उठून गेला, जेवला नाई. वर्साची राखी न जेवता गेली त्याची.”

तिनं पान देवापुढं ठेवलं आणि झाडांमधून चालत पार टोकाच्या येनापर्यंत निघून गेली. आमच्यातल्या एकालाही वर बघवेना. माझी तर मान शरमेनं खाली गेली होती.

थोड्या वेळानं मी तिच्यामागं गेले. ती बुंध्याला टेकून बसली होती. डोळे कोरडे होते. मी शेजारी बसले. माफी मागितली, ती तिनं ऐकल्यासारखी केली.

“ताई, एक सांगा,” मग तिनंच विचारलं. “तुमी येवढ्या लांबून टरफलासाठी काहून आल्या? टरफल त अळी निघाली का फेकूनच देतेत.”

चार वर्षांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबलेली ही पहिलीच. मी तिला सांगितलं, की कोंबडीच्या अंड्याचं कवच चुन्याचं असतं, पतंगाच्या अंड्याचं तसं नसतं. अंडं आईच्या पोटात असतानाच त्याच्याभोवती एक नाजूक थर असतो, तो शेवटच्या दिवसांत घाईघाईनं शंभरावर तऱ्हेची प्रथिनं गाळतो आणि त्यांचं कवच बनतं. आत ओल टिकली पाहिजे आणि वाराही खेळला पाहिजे, असं ते अवघड काम. प्रत्येक प्रथिनाची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. हे जनुक सुटेसुटे नाहीत, त्यांची घराणी आहेत.

“घरानी कशी?”

“फार फार पूर्वी एकच होता. त्याची चुकून नक्कल झाली. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. जुना आपलं काम करतच राहिला, म्हणून नकलांना मोकळीक मिळाली. त्या बिघडल्या तरी अंडं मरत नाही ना, जुना आहे. मग लाखो वर्षांत त्या नकला हव्या तशा बदलत गेल्या. काही वाया गेल्या, काहींनी नवीनच काम शोधलं. अशी सगळी तऱ्हा त्यातून आली. मी त्यातल्या एका घराण्याच्या चौदा जणांवर काम करते. तेरा जण बदललेले, मजेदार. एक मात्र जसाच्या तसा.”

“तो पाळते,” भागरता म्हणाली.

“हो.”

“म्हनून बाकीचे अंडी खातेत.”

चार वर्षं मी त्या तेरा जणांच्या मागं धावले होते. चौदावा मला कंटाळवाणा वाटायचा, माझ्या वहीत त्याच्यासाठी पुरतं एक पानही नव्हतं.

“मंग तो जुना कवा मोकळा होते?” तिनं विचारलं.

हा प्रश्न मला रेगेबाईंनीही कधी विचारला नव्हता. मी विचार केला. “दुसऱ्या कोणीतरी त्याचं काम उचललं की,” मी म्हटलं. “एखादी नक्कल जर अजून ते काम करू शकत असेल, तर जुना सुटतो.”

भागरता उठली, लुगडं झटकलं आणि सरळ देवापाशी गेली. सगळे तसेच बसलेले होते.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मी आता पाळत नाई. अळ्या कोसा बांधतपर्यंत तुमी चौघं पाळा. मी मासोळी खाईन.”

भिवराबाई ताडकन उभ्या राहिल्या. “का बोलतं, पोरी? अळ्या मरतीन न.”

“माह्या एकटीनं जगल्या,” भागरता म्हणाली. “तुमच्या चौघांनं नाई जगनार?”

डोमाजींनी सांडलेले झिंगे ओंजळीत भरले आणि मुकाट्यानं ओढ्याकडे घेऊन गेले. मी लाल फडकं उचललं आणि सामान आवरायला वळले. “तुमी बी थांबा, बाई,” भिवराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “पाळाले चौघं पायजेत.”

पुढचे अकरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. रूपचंद रोज पहाटे तलावावरून मासोळी आणायचा. ओढ्याच्या पलीकडे, राखणीच्या हद्दीबाहेर चूल मांडली होती. तिथं भिवराबाई सुनेसाठी रस्सा करायच्या, आणि वाससुद्धा आता मोडण्यात धरायचा असं डोमाजींनी ठरवून टाकल्यामुळे नाकातोंडाला पदर घट्ट बांधून करायच्या. मीठ चाखता येत नसे. “खारट झालं का व?” त्या पदरातून विचारायच्या. भागरता पाटावर बसून सावकाश काटे काढत खायची, बोटं चाटायची, विचार करायची, आणि म्हणायची, “उद्या जरा कमी घाला.” मग ओढ्यात बुडून अलीकडे यायची. आम्ही चौघं इकडे वरण-भात कालवत वाऱ्याची दिशा बघत बसायचो. वारा पलीकडून आला की डोमाजी उठून उलट्या बाजूला धावायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे, लाल होईपर्यंत. मी इतकी शिस्त त्याआधी पाळली नव्हती, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला, रूपचंदनंच त्याला निरोप धाडला होता. पलीकडच्या काठावर बहीण-भाऊ एका ताटात मरळ जेवले. भिवराबाईंनी दोघांना वाढलं.

प्रबंधाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. सप्टेंबरात येनटोल्याच्या शाळेच्या एका खोलीत मी ते कोसे दिवस मोजून कापले आणि पुण्याला नेऊन तपासले. मजेदार तेरा जणांना बाजूला ठेवून मी पहिल्यांदा त्या चौदाव्यावर काम केलं. त्याच्याच घराण्यातली एक नक्कल या जुन्या जातीत त्याच्याच वेळेला, त्याच्याच जोडीनं तेच काम करत होती. रेगेबाईंनी चष्मा कपाळावर सारून तो कागद तीनदा वाचला आणि म्हणाल्या, “हे तुला सुचलं कसं?” मी सांगितलं, माशाच्या रश्श्यावरून. त्यांनी ते थट्टेवारी नेलं.

पण मला राहून राहून आठवतो तो कोसे उतरवल्याचा दिवस. दोन झाडं गेली ती गेलीच, बाकीची झाडं पिवळट कोशांनी लगडली होती. ढीग येनाखाली ओतला होता. भागरता एकेक कोसा तळहातावर घेत होती, जरासा उडवून झेलत होती आणि डावी-उजवीकडच्या टोपल्यांत टाकत होती. उजवीकडची, मादीची टोपली माझी. आठवा, नववा, दहावा. भिवराबाई शेजारी बसून बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला.

“मले बी शिकव,” त्या म्हणाल्या. “उद्या तू मायरी गेली त कोण निवडीन?”

भागरतानं एक कोसा त्यांच्या हातावर ठेवला. भिवराबाईंनी तो उडवला, जरा जास्तच, आणि दोन्ही हातांनी पकडला.

“मादी,” त्या म्हणाल्या.

“नर,” भागरता म्हणाली आणि तो डावीकडे टाकला.

दुसरा उडवला. “नर.”

“मादी.”

डोमाजी खोकल्याचं निमित्त करून पाठमोरे झाले. भिवराबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिसरा कोसा त्यांनी लगेच उडवला नाही. तळहातावर नुसताच धरून ठेवला, डोळे मिटले, त्याचं वजन हातात पूर्ण येऊ दिलं. मग अलगद उडवला, एकाच हातात झेलला.

“मादी,” त्या हळूच म्हणाल्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघू लागल्या.

भागरतानं उजवीकडची टोपली उचलली आणि सासूच्या पुढ्यात सरकवली.